उपेक्षेचा वेगळा हिशोब

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)



ज्यांच्या स्मृतिदिनी आपण दरवर्षी इथे जमतो ते वकील होते. आपल्या पक्षकाराची बाजू जीव तोडून मांडायची, पण समोरच्याचे कागदही तितक्याच नीट वाचायचे, ही शिस्त त्यांनी आम्हा ज्युनिअरांना लावली. आजचा विषय त्या शिस्तीची परीक्षा पाहणारा आहे. नवराबायकोपैकी एकाने बाहेर संबंध ठेवले आणि ते उघडकीला आलं, तर दोष कोणाचा? आणि ज्या नात्याकडे दोघांपैकी एकाने कित्येक वर्षं ढुंकूनही पाहिलं नव्हतं, अशा नात्यात हे घडलं, तर तो दोष दोघांत वाटायचा का?

आपल्याकडे याची दोन उत्तरं तयार असतात. एक कडक: "नवरा कसाही असो, पाऊल वाकडं पडलं ते पडलं." दुसरं समजूतदार: "टाळी एका हाताने वाजत नाही." पहिल्या उत्तरात उपेक्षेला जागाच नाही. दुसऱ्यात ती आहे, पण सगळं इतकं एकत्र कालवलेलं की कोणी नेमकं काय केलं हे कळेनासं होतं. कौटुंबिक खटल्यांत उमेदीची वर्षं घालवल्यावर माझं मत असं झालं आहे की इथे एक दोष आणि त्याचे दोन वाटेकरी अशी स्थिती नसते. उपेक्षा हा एक अन्याय आहे आणि फसवणूक हा दुसरा. पहिल्यामुळे दुसरा माफ होत नाही, आणि दुसरा घडला म्हणून पहिला पुसला जात नाही. दोन खाती वेगळी ठेवावी लागतात. आपली अडचण अशी की उपेक्षेचं खातं आपण फसवणूक सापडल्यावरच उघडतो, आणि तेही बहुधा चुकीच्या माणसाच्या नावावर.

प्रश्न कोणाला विचारला जातो

पुरुषाचं बाहेर प्रकरण आहे असं कळलं की घरातली वडीलधारी मंडळी आधी त्याच्या बायकोकडे वळतात. "तुझं लक्ष कुठं होतं?" "पोर झाल्यापासून त्याच्याकडे बघितलंस तरी का?" "सदानकदा नोकरी आणि माहेर." म्हणजे जिची फसवणूक झाली तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं, आणि आरोप असतो उपेक्षेचा.

आता उलट चित्र पाहा. बाईचं प्रकरण उघड झालं तर तिच्या नवऱ्याला कोणी विचारतं का, की बाबा रे, तिच्याशी शेवटचं मन लावून कधी बोललास? तिथे उपेक्षेचा मुद्दा निघतच नाही. निघतं ते तिचं चारित्र्य, तिच्या आईने लावलेलं वळण, तिचं शिक्षण, तिच्या हातातला मोबाइल. म्हणजे 'दोष दोघांचा' हे तत्त्व आपण मानतो, पण पुरुष चुकला तरच. बाई चुकली की दोष तिचा एकटीचा.

ही तफावत आपल्याच भाषेत १८८२ साली छापून आली होती. आदल्या वर्षी सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर अनौरस अर्भकाच्या हत्येचा खटला चालला. तिला आधी फाशीची शिक्षा झाली, नंतर ती कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांतून एकंदर स्त्रीजातीच्या नीतीवर ताशेरे ओढले गेले. त्या संतापात बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध लिहिला. जे जे दुर्गुण बायकांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत किती आहेत, हे त्यांनी एकेक करून मोजून दाखवलं. नवऱ्याला देव मानायचं असेल तर त्या देवानेही देवासारखं वागायला नको का, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी बाईची चूक नाकारली नाही. त्या चुकीच्या आधी घरात काय चाललं होतं, हे विचारण्याचा हक्क मागितला. जोतीराव फुल्यांनी या पुस्तकाची बाजू घेतली, तरी ते जवळजवळ शतकभर विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं.

कायद्याने काय पाहिलं

कायद्याचा इतिहास या बाबतीत आपल्या समजुतीपेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे, म्हणून तिथे थोडा वेळ थांबते.

भारतीय दंडसंहितेचा पहिला मसुदा मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ साली तयार केला. त्यात व्यभिचार हा गुन्हा नव्हता. सोबतच्या टिपणात आयोगाने दिलेलं एक कारण आपल्या विषयाला थेट भिडणारं आहे. या देशात मुलींची लग्नं बालपणी होतात, तरुण असतानाच नवरे दुसऱ्या बायकांसाठी त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात, सवतींबरोबर त्यांना नवरा वाटून घ्यावा लागतो. पुरुषाला अनेक बायका करण्याची मुभा ठेवणारा कायदा बायकोच्या चंचलतेला शिक्षा करायला निघाला तर ते आपल्याला पटत नाही, असा त्या टिपणाचा आशय होता. इथल्या समाजाकडे वरून पाहणाऱ्या साहेबाचा सूर त्यात आहेच. तरीही उपेक्षेचा प्रश्न सरकारी कागदावर आला, हे नोंदवलं पाहिजे.

पुढे १८६० च्या संहितेत कलम ४९७ आलं. बायकांच्या या दुःस्थितीचा दाखला देऊन त्यांना शिक्षेतून वगळलं गेलं, आणि परपुरुषाला पाच वर्षांपर्यंतची कैद ठेवली गेली. पण नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच होत नव्हता. सहानुभूतीपासून निघालेला विचार मालकीपाशी येऊन थांबला. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं. १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केलं. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने जोसेफ शाइन प्रकरणात ते रद्द केलं, आणि त्या पीठावर यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हा गुन्हा परत आलेला नाही. व्यभिचार आता तुरुंगाचा विषय राहिला नाही. घटस्फोटाचं कारण मात्र तो आजही आहे.

या सगळ्या चर्चेत एक जुनं कलम दुर्लक्षित राहतं. १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा ख्रिस्ती धर्मीयांसाठी होता, आणि काही दुरुस्त्यांसह आजही आहे. त्याचं कलम १४ सांगतं की जोडीदाराचा व्यभिचार सिद्ध झाला तरी न्यायालय घटस्फोट द्यायला बांधील नाही, जर अर्ज करणाऱ्यानेच जाणूनबुजून अशी उपेक्षा किंवा असं गैरवर्तन केलं असेल की त्यातून तो व्यभिचार घडायला हातभार लागला. शब्दरचनेतली सावधगिरी पाहा. साधी उपेक्षा पुरेशी नाही, ती जाणूनबुजून केलेली हवी. ती व्यभिचाराच्या आधीची हवी आणि दोहोंत कार्यकारणसंबंध दिसला पाहिजे. एवढं सिद्ध झालं तरी अर्ज आपोआप फेटाळला जात नाही, न्यायाधीशाने तारतम्याने ठरवायचं. त्याच कायद्यात नवऱ्याला बायकोचा नुसता व्यभिचार दाखवून घटस्फोट मिळे, आणि बायकोला त्याच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. हा अन्याय २००१ साली दूर झाला. म्हणजे कायदा स्त्रीपुरुषांना समान मानत नव्हता. तरी "आधी काय घडलं?" हा प्रश्न विचारायची सोय त्याने ठेवली होती.

हिंदू विवाह कायद्याने मला अधिक पटणारा रस्ता धरला. परित्यागाच्या व्याख्येतच त्याने जोडीदाराची जाणूनबुजून केलेली उपेक्षा समाविष्ट केली आहे, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर सलग दोन वर्षांचा परित्याग हे घटस्फोटाचं कारण झालं. १८६९ च्या कायद्यात उपेक्षा ही प्रतिपक्षाच्या चुकीला दिलेलं उत्तर म्हणून येत होती. इथे ती स्वतःच्या पायावर उभी राहिली. तिसरा माणूस आयुष्यात न आणता, कोणालाही न फसवता, "माझी उपेक्षा झाली" एवढ्या आधारावर न्यायालयात जाता येतं. प्रत्यक्षात ते सिद्ध करणं कठीण असतं, हे मी नाकारत नाही. आणि पोटगीच्या कलमात उपेक्षा म्हणजे साधन असून न पोसणं, एवढंच धरलेलं आहे. भाकरी आणि पैसा मोजता येतो. संध्याकाळी सात ते रात्री अकरा या वेळात एका घरात किती वाक्यं बोलली गेली, याचा पंचनामा कोण करणार?

नानावटी खटल्यात न विचारलेलं

विवाहबाह्य संबंधाचा मुंबईतला सर्वांत गाजलेला खटला अर्थातच नानावटींचा. कमांडर कावस माणेकशा नानावटी नौदलात होते, 'म्हैसूर' या युद्धनौकेवरचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. कामानिमित्त ते वारंवार मुंबईबाहेर असत. त्यांची इंग्रज पत्नी सिल्विया तीन मुलांसह मुंबईत राही. कौटुंबिक मित्र प्रेम आहुजा यांच्याशी तिचे संबंध जुळले. २७ एप्रिल १९५९ रोजी तिने ते नवऱ्यापाशी कबूल केलं. नानावटींनी तिला आणि मुलांना मेट्रो चित्रपटगृहात सोडलं, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि आहुजांच्या घरी जाऊन त्यांना गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांनी तो कौल न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली, आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दुपारी दीडला घर सोडलं आणि चार वाजून वीस मिनिटांनी खून झाला, मधल्या वेळात डोकं ताळ्यावर यायला पुरेशी सवड होती, असं न्यायालयाने म्हटलं. १९६४ साली राज्यपालांनी शिक्षा माफ केली.

'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींच्या बाजूने रान उठवलं होतं. शहराने तीन भूमिका वाटून टाकल्या: मानी नवरा, कपटी मित्र, पश्चात्तापदग्ध बायको. त्या लग्नात स्वतः त्या बाईचे दिवस कसे जात होते, याचं कुतूहल जवळजवळ कोणालाच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नवऱ्याच्या वारंवार बाहेर असण्याचा उल्लेख येतो तो घटनाक्रमाची एक पायरी म्हणून.

इथे घाई करून "म्हणजे नवऱ्याने उपेक्षा केली, म्हणून हे झालं" असं मी म्हणणार नाही. नौदलातल्या माणसाचं समुद्रावर असणं ही त्याची नोकरी आहे. नौदलातल्या असंख्य घरांनी असे विरह सोसले आणि तिथे असं काही घडलं नाही. त्या दोघांमध्ये उपेक्षा होती की नव्हती, हे त्या खटल्याच्या कागदांवरून ठरवता येणार नाही. खटला खुनाचा होता, त्यामुळे न्यायालयाला ते ठरवायचंही नव्हतं. शिक्षामाफीनंतर पतीपत्नी मुलांसह कॅनडाला गेले आणि एकत्र राहिले. आपापसात त्यांनी जो काही हिशोब केला असेल तो त्यांचा. माझा रोख शहरावर आहे. इतकी चर्चा होऊनही एका घरातल्या एकटेपणाबद्दल बोलायला आपल्यापाशी भाषा नव्हती. बोललो ते इभ्रतीबद्दल आणि रिव्हॉल्व्हरबद्दल.

या विषयावर उघड बोलणाऱ्यांचं आपण काय केलं तेही आठवा. र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकामुळे जो पहिला खटला झाला, तो १९३१ साली, 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून. त्यांना दंड झाला. प्रश्न मांडणाराच गुन्हेगार ठरला.

दूर असणं आणि दुर्लक्ष करणं

उपेक्षा म्हणजे काय, हे आता नीट ठरवू या. नाहीतर "मला वेळ देत नव्हता" हे वाक्य कोणीही कशासाठीही वापरेल.

अंतर म्हणजे उपेक्षा नाही. मराठी माणसाला हे शिकवायला नको. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या, महाराष्ट्री प्राकृतातल्या 'गाथासप्तशती'त प्रवासाला गेलेल्या नवऱ्याच्या बायका जागोजागी भेटतात. काही वाट पाहतात, काही पाहत नाहीत, आणि कवी कोणालाच दटावत नाही. पेशवाईतल्या शाहिरांनी मोहिमेवर गेलेल्या शिपायाच्या घरच्या बाईचा विरह लावणीत गायला. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले पुरुष खानावळीत जेवत आणि एका खोलीत पाळीपाळीने झोपत. त्यांच्या बायका गावी शेत, म्हातारी माणसं आणि पोरं सांभाळत. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, त्यामागे हे स्थलांतर आहे. अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत घरोघर पोचली, कारण ती ताटातूट हजारो जणांच्या अनुभवातली होती. मनीऑर्डरच्या कुपनावरच्या दोन ओळींत जीव असे. ती दोन ओळींची ओढ ज्या नवऱ्याने कधी तुटू दिली नाही तो दूर होता, उपेक्षा करणारा नव्हता. आणि तिथेही असे होतेच, ज्यांनी पैसे पाठवले आणि बाकी काहीच पाठवलं नाही.

उलट बाजूने, एका छताखाली राहणं म्हणजे लक्ष असणं नाही. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांच्या तक्रारी फार साध्या असत. "ऑपरेशनच्या दिवशी सोडायला आला, पण आत काय झालं हे त्याने आजवर विचारलेलं नाही." "ती माझ्याशी फक्त सामानाच्या यादीबद्दल बोलते." दुसरं वाक्य पुरुषाचं आहे, हे मुद्दाम सांगते. उपेक्षा करण्याचा मक्ता पुरुषांकडे नाही. घरातल्या निर्णयांत, मुलांच्या जगात, माहेरच्या गोतावळ्यात ज्याला जागाच ठेवली नाही असा नवरा मी पाहिला आहे, आणि त्याने ते सांगितलं की लोक हसतात, हेही पाहिलं आहे.

मग कसोटी कोणती? मी तीन गोष्टी पाहते. जे मागितलं गेलं ते देणं समोरच्याच्या हातात होतं का? बाळंतपणानंतर थकलेली बाई, नोकरी गेल्याने खचलेला पुरुष, नैराश्याच्या आजाराशी झुंजणारं माणूस यांच्याकडून जे मिळत नाही, त्याला उपेक्षा म्हणणं क्रूरपणा आहे. दुसरं, ते मागितलं गेलं होतं का? मनात धरलेली अपेक्षा समोरच्याला कळली नाही म्हणून त्याला दोषी धरता येत नाही. तिसरी कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: सांगितल्यावर काय झालं? त्याने किंवा तिने ऐकून घेतलं, प्रयत्न केला, जमलं नाही, ही एक गोष्ट. "तुझं नेहमीचंच आहे" म्हणून पुन्हा टीव्हीकडे तोंड वळवलं, ही दुसरी. पुन्हा पुन्हा सांगूनही जो वळला नाही, त्याचं दुर्लक्ष हे कृत्य आहे, त्याने निवडलेलं.

एक खुलासा इथेच करते. या कसोट्यांत शरीरसंबंधाचा हक्क बसत नाही. लक्ष मागता येतं, शरीर मागता येत नाही. "बायको जवळ येऊ देत नव्हती, म्हणून" ही सबब मी पुष्कळदा ऐकली, आणि दर वेळी विचारलं, ती का येऊ देत नव्हती हे तुम्ही तिला विचारलंत का? उत्तर बहुधा नसे.

अभ्यासक काय सांगतात

अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली संस्थांवर नाराज झालेली माणसं काय करतात याची मांडणी केली. तिचा आधार घेऊन मानसशास्त्रज्ञ कॅरिल रसबल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली प्रेमसंबंधांतल्या नाराजीचा अभ्यास केला. नात्यात असमाधान आलं की माणसं चारांपैकी एक वाट धरतात, असं त्यांना दिसलं: सोडून जातात, बोलतात, निष्ठेने वाट पाहतात, किंवा दुर्लक्ष करू लागतात. बोलणं आणि वाट पाहणं नातं सावरायला मदत करतं, उरलेल्या दोन वाटा ते मोडतात. यातली मला खुपलेली गोष्ट अशी की दुर्लक्ष ही काही आपोआप येणारी सुस्ती नाही. ते नाराजीला दिलेलं उत्तर आहे. म्हणजे आज ज्याच्या उपेक्षेने जोडीदार बाहेर गेला, तो स्वतःही कधीतरी दुखावला गेलेला असू शकतो. "सुरुवात कोणी केली?" हे शोधत गेलं तर शेवटी साखरपुड्यापर्यंत पोचावं लागतं. म्हणून दोषाची टक्केवारी काढण्यात मला अर्थ वाटत नाही. कोणी काय केलं याची यादी करता येते, तेवढी पुरे.

आणि दुसरी बाजूही आहे. विवाहबाह्य संबंधांवर दीर्घकाळ काम केलेल्या शर्ली ग्लास या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंना असं आढळलं की असे संबंध ठेवलेल्या पुरुषांपैकी निम्म्याहून अधिकांनी आणि स्त्रियांपैकी सुमारे एक तृतीयांशांनी आपलं लग्न सुखी असल्याचं सांगितलं. कार्यालयात, प्रवासात, जवळीक हळूहळू वाढत गेली आणि मर्यादा कधी ओलांडली हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही. म्हणजे प्रत्येक फसवणुकीच्या मुळाशी उपेक्षा असतेच, ही समजूत खोटी आहे. जिथे नवरा बाहेर गेला तिथे बायकोने काहीतरी कमी केलं असणारच, असं म्हणणाऱ्या प्रत्येक मावशीने हे लक्षात ठेवावं.

दोन खाती

महेश मांजरेकरांचा २००० सालचा 'अस्तित्व' हा चित्रपट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, कामात आकंठ बुडालेला नवरा, नोकरी करू न दिलेली बायको, गाणं शिकवायला येणारा शिक्षक. पुढे अनेक वर्षांनी त्या शिक्षकाच्या मृत्युपत्रामुळे सगळं उघड होतं. त्या चित्रपटातला मला महत्त्वाचा वाटणारा धागा असा की तिने त्या वेळीच सांगायचा प्रयत्न केला होता, आणि नवऱ्याला ऐकायला सवड नव्हती. जिचं साधं बोलणं ऐकलं जात नाही तिचा कबुलीजबाबही ऐकला जात नाही. तिचं वागणं चूक होतं का? हो, फसवणूक झाली आणि तिचे परिणाम मुलापर्यंत गेले. नवऱ्याचं वागणं चूक होतं का? तेही हो. आणि ते चूक होतं ते तिने पुढे काय केलं यामुळे नव्हे. ती आयुष्यभर एकनिष्ठ राहिली असती तरी ते तितकंच चूक होतं.

म्हणूनच मला गडकऱ्यांची सिंधू आठवते. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'त सुधाकर दारूत बुडतो, घर उद्ध्वस्त होतं, आणि सिंधू पतिव्रता राहते. बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्राला रडवलं. आपण तिच्या निष्ठेचं कौतुक केलं, आणि सुधाकराचा दोष दारूवर ढकलला. सिंधूने आपल्याला अडचणीत टाकलं नाही, म्हणून तिच्या उपेक्षेची फिर्याद कधी दाखलच झाली नाही. ज्या न्यायात उपेक्षित माणसाचं म्हणणं ऐकून घेण्यासाठी त्याने आधी काहीतरी बेइमानी करावी लागते, तो न्याय बेइमानीला प्रोत्साहन देतो.

आता फसवणूक करणाऱ्याच्या खात्यात काय येतं ते स्पष्ट बोलते. उपेक्षा झाली तर माणूस एकटं पडतं, रागावतं, कोणाच्या आपुलकीने विरघळतं. हे सगळं समजण्यासारखं आहे. पण खोटं बोलणं ही वेगळी कृती आहे, आणि ती रोज नव्याने करावी लागते. फोनमधलं नाव बदलणं, ऑफिसच्या मीटिंगची थाप, जोडीदाराला संशय आला तर "तुझ्याच डोक्यात घाण आहे" असं म्हणून तिलाच किंवा त्यालाच वेडं ठरवणं. यांतलं काहीही उपेक्षा करणाऱ्याने करायला लावलेलं नसतं. शिवाय समोरच्या माणसाला खरी माहितीच नसल्यामुळे तो स्वतःच्या आयुष्याबद्दलचे निर्णय खोट्या आधारावर घेत राहतो: घराचं कर्ज, दुसरं मूल, बदली. ही किंमत त्याच्याकडून न विचारता वसूल होते. म्हणून "माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं" हे वाक्य स्पष्टीकरण म्हणून मी ऐकेन. पावती म्हणून स्वीकारणार नाही.

आणि उपेक्षा करणाऱ्याच्या खात्यात? त्याला किंवा तिला फसवलं गेल्याचं दुःख पूर्णपणे करण्याचा हक्क आहे. पहिल्याच आठवड्यात त्याच्यापुढे त्याच्या चुकांची यादी ठेवणं अमानुष आहे, आणि आमच्या व्यवसायातली माणसंही ही घाई करतात. पण ते दुःख ओसरल्यावर, लग्न टिको वा न टिको, "मी इतकी वर्षं काय ऐकलं नाही?" हा प्रश्न त्याला टाळता येऊ नये. पीडित ठरल्याने मागचं खातं बंद होत नाही. ज्या जोडप्यांनी पुढे एकत्र राहायचं ठरवलं आणि खरोखर निभावलं, त्यांच्यात मला हे समान दिसलं: एकाने सबबी न सांगता फसवणूक कबूल केली, आणि दुसऱ्याने काही काळाने, कोणी भाग पाडल्याशिवाय, आपलं दुर्लक्ष कबूल केलं. या दोन कबुल्या एकमेकींच्या बदल्यात दिलेल्या नव्हत्या. "मी माझं मान्य करतो, तू तुझं कर" अशी घासाघीस जिथे झाली तिथे दोन्ही कबुल्या पोकळ निघाल्या.

शेवटी तुमच्याआमच्याबद्दल. घरातली मुलगी, सून, भाऊ, मैत्रीण कधीतरी आपल्यापाशी येते आणि म्हणते, "आमच्यात काही बोलणंच उरलेलं नाही." आपण काय विचारतो? "मारतो का? पितो का? बाहेरचं काही आहे का?" तिन्हींचं उत्तर नाही आलं की आपण सुटकेचा निःश्वास टाकून म्हणतो, "मग तक्रार कसली?" पुरुष आला तर तेवढंही विचारत नाही, "बायका असायच्याच अशा" म्हणून चहा मागवतो. संसदेने उपेक्षेला अन्यायाच्या यादीत कधीच बसवलं आहे. आपल्या बैठकीच्या खोलीत मात्र तिची दाद लागत नाही. त्या तीन प्रश्नांनंतर चौथा विचारायला हवा: "हे तू त्याला सांगितलंस का, आणि सांगितल्यावर तो काय म्हणाला?" आणि उत्तर ऐकून, गरज पडली तर, त्याच्याशी बोलायला जायला हवं. तिसरं कोणी आलेलं नसतं, खोटं बोललं गेलेलं नसतं, दोन्ही माणसं अजून एकमेकांच्या डोळ्याला डोळा देऊ शकत असतात, तेव्हाच या फिर्यादीची सुनावणी व्हायला हवी. त्यानंतर जे होतं तो निकाल असतो, आणि तो आम्हा वकिलांच्या हाती पडतो.